शिवसुमन घरी वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आपल्याच मातीतलं, निवडुंगासारखं एखादं दुर्मीळ झाड घरी लावता येईल का?’ या प्रश्नाला आमचं ठरलेलं उत्तर म्हणजे शिवसुमन. ते ऐकलं की पुढचे प्रश्न सुरू होतात, आणि त्यांतले बहुतेक दरवर्षी त्याच महिन्यांत येतात. जूनमध्ये मातीबद्दल, ऑगस्टमध्ये कुजण्याबद्दल, डिसेंबरमध्ये ‘पानं गळाली, झाड मेलं का?’ म्हणून. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिवसुमन म्हणजे नेमकं कोणतं झाड?

शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. निकोल डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात जुन्नर परिसरातल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव प्रजातीला दिलं. जगात हे झाड निसर्गात फक्त महाराष्ट्रात सापडतं, तेही सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर ही त्याची ठाऊक असलेली ठिकाणं. शिवनेरीमुळेच ‘शिवसुमन’ हे नाव रुळलं. गावाकडे ‘शिंदळ माकुडी’ असंही म्हणतात.

खोड बोटाएवढं जाड, गोल, करडं-हिरवं, रसाळ. कड्याच्या फटीतून ते खाली लोंबतं. पावसाळ्यात पेरापेरावर जाडसर लंबगोल पानं येतात. फूल पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, दोन-अडीच सेंटिमीटरचं, गडद तांबूस-किरमिजी, त्यावर पिवळी नक्षी आणि कडेला बारीक लव. नर्सरीच्या पाटीवर किंवा जुन्या यादीत कॅरालुमा फ्रेराय किंवा बौसेरोसिया फ्रेराय असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. वर्गीकरण बदलत गेलं, झाड तेच आहे.

२. हा निवडुंग आहे का?

नाही. निवडुंगाचं कूळ मुळात अमेरिका खंडांतलं. आपल्या कुंपणावरचा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला आहे, आणि त्रिधारी निवडुंग तर निवडुंगच नव्हे, तो शेराच्या कुळातला. शिवसुमन रुई-मांदाराच्या कुळातलं आहे. काटे नाहीत. पण कोरड्या कातळावर राहण्यासाठी खोडात पाणी साठवण्याची युक्ती मात्र निवडुंगाचीच, म्हणून निवडुंग वाढवण्याचा अनुभव इथे बराच कामी येतो. एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवा: वाळवंटातल्या निवडुंगाला सोसणार नाही इतका पाऊस शिवसुमन वर्षातले चार महिने झेलतं, आणि उरलेले आठ महिने जवळपास कोरडं राहतं. त्याची सगळी निगा या एका गोष्टीतून निघते.

३. गडावर एवढं उगवलेलं आहे. एक फांदी तोडून आणली तर काय बिघडलं?

बिघडतं. एका कड्यावर दिसणारी झाडं मुठीत मावतील इतकी असू शकतात. हात पोहोचेल अशा जागचीच झाडं तोडली जातात, आणि हात पोहोचतो तिथेच वणवे, गुरं आणि दरडींचा त्रासही जास्त. फांदी ओढताना फटीतली मुळं उखडली की त्या फटीत पुन्हा माती साठायला किती पावसाळे लागतील सांगता येत नाही. शिवाय फुलांच्या मोसमात तोडलेली फांदी म्हणजे त्या वर्षीच्या शेंगाही गेल्या.

कायद्यानेही ते चालत नाही. शिवनेरी संरक्षित स्मारक आहे, आणि अनेक गडांचे उतार वनखात्याकडे आहेत. राखीव वनातून परवानगीशिवाय वनस्पती नेणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. फांदीपासून हे झाड इतक्या सहज तयार होतं (प्रश्न १२) की कड्यावरून आणायची गरजच उरत नाही.

४. मग रोप कुठून घ्यायचं? आणि ते खरं शिवसुमन आहे हे कसं ओळखायचं?

मांसल वनस्पती वाढवणाऱ्या नर्सरीतून, किंवा ज्याच्याकडे आधीच लागवडीतलं झाड आहे अशा माणसाकडून. विचारायचा प्रश्न एकच: मातृवृक्ष कुठला आहे आणि तो दाखवाल का? ज्याच्याकडे मातृवृक्षाची कुंडी आहे तो लगेच दाखवतो.

कड्यावरून ओरबाडलेलं झाड ओळखता येतं. खोडावर दगडफुलासारखे करडे डाग, उन्हाने भाजलेली एक बाजू, तुटलेलं जाड मूळ आणि बारीक पांढऱ्या मुळांचा अभाव. कुंडीत वाढलेल्या रोपाचं खोड एकसारखं स्वच्छ असतं आणि कुंडी उलटी केली तर तंतुमुळांचं जाळं दिसतं. संशय आला तर स्वस्त मिळत असलं तरी घेऊ नका.

शिवसुमनाच्या नावाखाली स्टॅपेलिया आणि ह्युर्निया सर्रास विकले जातात. त्यांची खोडं चौकोनी किंवा दातेरी असतात आणि खरी पानं नसतात. शिवसुमनाचं खोड गोल, आणि पावसाळ्यात त्याला ठसठशीत पानं येतातच. संकरित रोपंही बाजारात येतात: खोडाला किंचित कोन, पानं नखाएवढी. ती वाढवायला हरकत नाही, पण त्यांना शिवसुमन म्हणून पुढे देऊ नका.

५. कुंडी कशी आणि केवढी घ्यावी?

मातीची, उथळ, १२ ते १५ सेंटिमीटर तोंडाची, तळाला बोट जाईल एवढं भोक. मुळं खोल जात नाहीत. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. खोडं लोंबती असल्यामुळे टांगती कुंडी सर्वांत शोभते, पण प्लास्टिकची असेल तर पाण्याचं अंतर दीडपट करा. चकाकी दिलेल्या चिनी मातीच्या कुंड्या पावसाळ्यात टाळाव्यात, कारण त्यांच्या भिंतीतून ओल बाहेर जात नाही. कुंडीखाली ताटली ठेवायची नाही.

दर दोन वर्षांनी, मेअखेर, नवी पानं फुटायच्या आधी कुंडी बदला.

६. माती कशी तयार करायची? बाजारातलं कॅक्टस मिश्रण चालेल का?

कड्यावर हे झाड काळ्या कातळाच्या फटीत, मूठभर कुजलेल्या पाचोळ्यावर जगतं. तेच जमवायचं. मापाने:

- चाळलेला मुरूम किंवा ३ ते ६ मिलिमीटरची बारीक खडी: ३ भाग
- विटांचे वाटाण्याएवढे तुकडे: १ भाग
- पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत: १ भाग
- लाल माती किंवा पोयटा: १ भाग

मुरूम आणि खडी आधी धुवून घ्या. त्यातली पिठासारखी भुकटी राहिली तर दोन पावसांत ती तळाशी बसते आणि भोक बुजवते. काळी माती नकोच. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा मुळं तुटतात. बाजारच्या मिश्रणात बहुधा निम्म्याहून अधिक कोकोपीट असतं. ते घ्यायचंच असेल तर त्याच्या दुप्पट खडी मिसळा.

तयार मिश्रण कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओता. दहा सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. वर तळं साचलं तर खडी वाढवा. खोडाच्या बुंध्याभोवती शेवटचा दोन सेंटिमीटरचा थर नुसत्या खडीचा द्या, म्हणजे मान कोरडी राहते.

७. ऊन किती हवं?

सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन आणि नंतर भरपूर उजेड. पूर्वेची गॅलरी सर्वांत उत्तम. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावा. खोडावर जांभळट झाक आली तर ऊन भरपूर आहे, काळजीचं कारण नाही. पांढरट, कागदासारखा चट्टा पडला तर ते भाजलं आहे आणि तो चट्टा आता जाणार नाही. उजेड कमी पडला की खोड बारीक, फिकट आणि पेरांतलं अंतर लांब होतं. असं झाड एकदम उन्हात नेऊ नका, दर आठवड्याला तासाभराने ऊन वाढवा.

८. पाणी कधी आणि किती?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त झाडं मारणारा हा प्रश्न आहे. ‘आठवड्यातून एकदा’ असं उत्तर देता येत नाही, कारण झाडाचं वर्ष दोन तुकड्यांत विभागलेलं आहे. खालचं वेळापत्रक पुण्यासारख्या हवेत, १२ सेंटिमीटरच्या मातीच्या कुंडीसाठी आहे.

मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये खोडाच्या टोकाशी पानांचे हिरवे ठिपके दिसू लागतात. हे ठिपके दिसेपर्यंत थांबा, मग पहिलं भरपूर पाणी द्या. कॅलेंडर पाहून नव्हे, टोक पाहून. जून ते सप्टेंबर वरची दोन सेंटिमीटर माती सुकली की पुन्हा भरपूर, खालून वाहीपर्यंत. पाऊस पडत असेल तर अर्थातच वेगळं पाणी नको.

ऑक्टोबरमध्ये आठवड्यातून एकदा. ऑक्टोबरच्या उन्हात माती लवकर सुकते आणि झाड फुलावर असतं, म्हणून इथे हात आखडू नका. नोव्हेंबरमध्ये दहा-बारा दिवसांनी. पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडायला सुरुवात करा. डिसेंबर ते मे तीन आठवड्यांतून एकदा, पन्नास-साठ मिलिलिटर, म्हणजे लहान पेलाभरच, तेही संध्याकाळी. खोड अजून टणक असेल तर तेही पुढे ढकला. मे महिन्यात खोडावर बारीक सुरकुत्या पडणं स्वाभाविक आहे.

या कोरड्या काळात झाडाची दया येऊन पाणी देणारेच झाड गमावतात. पानं नसताना झाड पाणी फार कमी ओढतं, न ओढलेलं पाणी मातीत राहतं आणि निजलेली मुळं त्यात कुजतात.

९. डिसेंबरमध्ये सगळी पानं गळाली. झाड मेलं का?

नाही, ते वेळेवर निजलं. शिवसुमनाची पानं आणि खोड दोन वेगवेगळ्या पद्धतींनी जगतात. पानं साध्या झाडांसारखी दिवसा रंध्रं उघडून हवा घेतात, त्यात पाणी खर्च होतं, म्हणून ती फक्त पावसाळ्यापुरती. खोड मात्र निवडुंगासारखं रात्री हवा घेतं आणि दिवसा रंध्रं मिटून बसतं. कोरडा काळ आला की झाड खर्चिक पानं टाकून देतं आणि खोडावर भागवतं. त्याच्या जवळच्या नातलगांमध्ये अशी ठसठशीत पानं दुसऱ्या कुणाकडे नाहीत, म्हणून अभ्यासकांना या झाडाचं इतकं अप्रूप.

खात्री करायची असेल तर खोड दोन बोटांत हलकेच दाबा. टणक आणि हिरवट असेल तर जिवंत. मऊ, ओलसर, तपकिरी असेल तर प्रश्न १६ पाहा. ऑगस्टमध्येच पानं गळत असतील तर ते निजणं नव्हे, ते मुळांचं दुखणं आहे, आणि त्याचं उत्तरही तिथेच आहे.

१०. मुंबई, कोकण किंवा गोव्यात इतक्या पावसात ते टिकेल का?

टिकतं, पण आडोशाने. महाबळेश्वरलाही पाऊस कमी नसतो. फरक असा, की तिथे झाड उभ्या कड्याला असतं, पाणी क्षणभरही थांबत नाही आणि वारा सतत असतो. कुंडीत हे दोन्ही नसतं. म्हणून वळचणीखाली अशी जागा निवडा की तिरपी झड लागेल पण पागोळी थेट कुंडीत पडणार नाही. मिश्रणात खडीचा एक भाग वाढवा, कुंडी विटांवर उचलून ठेवा, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर सोडा. बंद गॅलरीत जुलै-ऑगस्टमध्ये दिवसातून दोन-तीन तास पंखा चालू ठेवला तर बुरशी खूप कमी होते. सलग चार दिवस झड लागली तर कुंडी घरात खिडकीशी आणा.

११. नागपूरचा उन्हाळा आणि नाशिकची थंडी सोसेल का?

उन्हाळा, हो. झाड तेव्हा निजलेलं असतं. चाळिशीपुढचा पारा सावलीत आणि कोरड्या मातीत ते काढतं, फक्त तापलेल्या गच्चीच्या फरशीवर कुंडी ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा. थंडीत दहा अंशांखाली माती पूर्ण कोरडी हवी. ओल्या मातीत पाच अंशांची एक रात्रही खोडाची टोकं काळी करायला पुरते. अशा रात्री घरात घ्या.

१२. फांदीपासून रोप कसं करायचं?

मेअखेर ते ऑगस्टमध्यापर्यंत. त्याआधी झाड निजलेलं असतं, त्यानंतर मुळं फुटतात पण रोपाला निजण्याआधी भरायला वेळ मिळत नाही.

गेल्या वर्षीचं, टणक, ७ ते १० सेंटिमीटरचं खोड निवडा. शक्यतो जिथून फांदी फुटली त्या सांध्याशीच कापा, तिथे खोड अरुंद असल्याने जखम लहान होते. ब्लेड स्पिरिटने पुसलेलं असावं. कापल्यावर पाणीदार चीक येतो, तो कागदाने टिपा. मग सावलीत, हवेशीर जागी, कागदावर आडवं ठेवून द्या: मेमध्ये चार दिवस, पावसाळी हवेत सात-आठ. कापलेली बाजू कडक आणि कोरडी झाली पाहिजे. बहुतेकांच्या काड्या कुजतात त्या या पायरीवर घाई केल्यामुळे.

नंतर दोन पद्धती. उभी लावायची तर फक्त दोन सेंटिमीटर मिश्रणात, बाकी खडीचा आधार. आडवी ठेवायची तर निम्मी जाडी मिश्रणात दाबा. लांब काडी असेल तर आडवी पद्धत बरी, एकाच काडीला दोन-तीन ठिकाणी मुळं फुटतात. लावल्यावर पाच दिवस पाणी नाही. मग तीन दिवसांनी एकदा हलकं फवारून माती किंचित ओली ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. काडी हलकेच हलवून पाहा, अडली तर धरली. उपटून बघायचा मोह मात्र आवरा, पहिली मुळं केसासारखी नाजूक असतात.

१३. बियांपासून वाढवता येतं का?

येतं, आणि शक्य असेल तर वाढवाच. एका झाडाच्या शंभर काड्या म्हणजे जनुकांच्या हिशेबाने एकच झाड, बियांची रोपं मात्र प्रत्येक वेगळी.

शेंगा शिंगांसारख्या जोडीने येतात आणि पिकायला कित्येक महिने घेतात. शेंग पिवळट दिसू लागली की तिच्यावर जुन्या मोज्याची किंवा मलमलची पिशवी बांधा. रुईसारखीच याच्या बीलाही रेशमी म्हातारी असते, आणि शेंग तडकली की दुपारच्या वाऱ्यात सगळं बी उडून जातं. म्हातारी काढून बी वाळवा आणि पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी पेरा. बी ताजं तेवढं चांगलं, वर्षानुवर्षं साठवू नका.

पसरट भांड्यात चाळलेलं मिश्रण, वर बी आडवं ठेवून तीन मिलिमीटर बारीक खडी. पाणी वरून न घालता भांडं पाण्यात ठेवून खालून चढू द्या. पंचवीस ते तीस अंशांत बहुतेक बी पंधरवड्यात उगवतं. पहिले सहा महिने रोपांना पूर्ण कोरडं करू नका, त्यांच्या खोडात साठाच नसतो. प्रश्न ८ चं कोरडं वेळापत्रक दुसऱ्या हिवाळ्यापासून.

१४. झाड चांगलं वाढतंय, पण फूल नाही. का?

कारणं साधारण या क्रमाने. उजेड कमी. हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी सुरूच राहिलं, त्यामुळे झाडाला विश्रांतीच मिळाली नाही. नत्र जास्त, म्हणजे नुसतं खोड आणि पान. किंवा जुलैमध्ये शेंडे छाटले. फुलं त्या वर्षीच्या नव्या वाढीवर, पानांच्या पेरांशी येतात, म्हणून छाटायचं असेल तर मेअखेरच. काडीचं रोप दुसऱ्या पावसाळ्यात फुलतं, बियांचं त्याहून उशिरा. मोसम ऑगस्ट ते नोव्हेंबर.

कळ्या मोहरीएवढ्या होऊन गळत असतील तर कुंडीची जागा बदलली गेली का ते आठवा. कळी दिसल्यावर कुंडी फिरवूसुद्धा नये.

१५. फुलाला घाण वास येतो म्हणतात. घरात ठेवता येईल? आणि शेंग का धरत नाही?

नाक अगदी जवळ नेलं तर किंचित नासका वास येतो. स्टॅपेलियासारखं घर भरत नाही. वास माश्यांसाठी आहे, परागीभवन त्याच करतात. म्हणून फुललेली कुंडी जाळीबंद गॅलरीत असेल तर शेंग धरणार नाही, बाहेर ठेवावी लागेल.

हाताने परागीभवन करणं अवघड आहे. परागकण सुटे नसतात, मेणासारख्या जोडपुड्यांत बांधलेले असतात आणि ती पुडी फुलाच्या मध्यातल्या बारीक खाचेत अचूक सरकवावी लागते. भिंग, बारीक सुई आणि स्थिर हात असेल तर सकाळी करून पाहा. दोन वेगळ्या मूळ रोपांची फुलं वापरलीत तर यश मिळण्याची शक्यता जास्त.

१६. खोड बुंध्याशी काळं आणि मऊ पडलंय. वाचेल का?

बुंधा नाही वाचणार, वरचा भाग वाचेल, जर आजच हात घातलात तर. ही कूज खालून वर चढते आणि दमट हवेत दोन दिवसांत वीतभर जाते.

काळ्या भागाच्या तीन सेंटिमीटर वर कापा. कापात आतलं वर्तुळ पाहा: स्वच्छ फिकट हिरवं हवं. मध्ये तपकिरी ठिपका दिसला तरी ब्लेड पुसून आणखी वर कापा, ठिपका संपेपर्यंत. कापावर गंधकाची भुकटी लावा, ती नसेल तर दालचिनीची पूड. मग प्रश्न १२ प्रमाणे वाळवून नव्या मिश्रणात लावा. जुनी माती इतर कुंड्यांत टाकू नका, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा.

कारण शोधल्याशिवाय पुन्हा लावलंत तर पुन्हा तेच होईल. नेहमीची चार: भोक बुजलेलं, मान मातीत पुरलेली, थंडीत दिलेलं पाणी, आणि मुळांवरचा पिठ्या ढेकूण.

१७. पाणी देऊनही खोड सुरकुतलेलंच राहतं. काय चुकतंय?

हे फसवं लक्षण आहे. तहान आणि कूज, दोन्हींत खोड सुरकुततं. पावसाळ्यात भरपूर पाणी दिल्यावर चार दिवसांत खोड भरलं नाही तर आणखी पाणी देऊ नका, कुंडीतून झाड काढा. मुळं पांढरी आणि टणक असतील तर माती फार घट्ट झाली आहे, मिश्रण बदला. मुळं तपकिरी आणि ओढल्यावर साल सुटत असेल तर ती मेली आहेत, सगळी कापून काडीसारखं नव्याने लावा. मुळांवर पांढरं पीठ दिसलं तर पुढचा प्रश्न वाचा.

१८. कीड कोणती लागते आणि उपाय काय?

पिठ्या ढेकूण सर्वांत त्रासदायक. खोडावरचा कापसाच्या काडीने सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, दर पाच दिवसांनी, तीनदा. अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत, म्हणून तीनदा. मुळांवरचा असेल तर माती पूर्ण धुवून काढा, झाड चार-पाच दिवस सावलीत वाळवा, नव्या मिश्रणात लावा.

पिवळा मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, तोच जो रुईवर दिसतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. नाही गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि चमच्याचा चौथा भाग भांडी घासायचा पातळ साबण, संध्याकाळी फवारा, कधीही उन्हात नाही.

काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या रुई कुळावर वाढणाऱ्या फुलपाखराच्या आहेत. औषध न मारता हाताने उचलून जवळच्या रुईवर सोडा. अळीलाही खाणं मिळतं आणि झाडही वाचतं. जवळ रुई नसेल तर एक कुंडीत लावून ठेवणं योग्य.

१९. खत काय द्यावं?

थोडं. जूनच्या सुरुवातीला कुंडीमागे दोन चमचे गांडूळखत, आणि जुलै ते सप्टेंबर महिन्यातून एकदा विद्राव्य खत, पाकिटावरच्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने. नत्रापेक्षा पालाश जास्त असलेलं निवडा. ताजं शेण, युरिया, चहापत्तीचा चोथा नको. ऑक्टोबरनंतर काहीच नाही.

२०. जमिनीत किंवा बागेतल्या दगडी बांधात लावता येईल?

सपाट जमिनीत नको. कोरड्या रचलेल्या दगडी बांधाच्या फटीत मात्र ते कुंडीपेक्षाही खुलतं, कारण ती जागा कड्याच्या सर्वांत जवळची. बांध किमान दोन फूट उंच, तोंड पूर्वेला, फट वीतभर खोल आणि किंचित बाहेर उतरती. फटीत प्रश्न ६ चं मिश्रण ठासून मुळं धरलेलं रोप जूनच्या पहिल्या पावसाआधी बसवा आणि तोंडाशी दगडी चिपा खोचा. सिमेंटने सांधलेल्या भिंतीत हे जमत नाही, मागचं पाणी बाहेर पडायला वाट नसते. आजूबाजूला हिरवळ असेल आणि तिला रोज पाणी मिळत असेल तर तो बांध सोडून द्या.

२१. कलम केलेलं रोप घ्यावं का?

स्टॅपेलियाच्या खोडावर किंवा सेरोपेजिया वुडीच्या कंदावर बांधलेली कलमं मिळतात. वाढ जलद, कूज कमी. कुजत चाललेल्या झाडाचं दोन सेंटिमीटरचंच टोक उरलं असेल तर ते वाचवायला हा उत्तम मार्ग. एरवी गरज नाही, स्वतःच्या मुळांवरचं झाड जास्त वर्षं नीट राहतं. कलमाखालच्या खुंटाला फुटवे आले की लगेच काढा, नाहीतर दोन वर्षांनी कुंडीत नुसता स्टॅपेलिया उरतो.

२२. याची खोडं खातात असं ऐकलंय. खरं का?

डोंगरात ती खाल्ली जातात. मकडशेंगेसारखी याच्या नात्यातली इतरही रसाळ झाडं लोक खात आले आहेत. कुंडीतलं खाऊ नका, त्यावर कीडनाशक पडलेलं असतं. वजन कमी करण्यासाठी, साखरेसाठी म्हणून कुणी शिवसुमन विकत असेल तर घेऊ नका. अशी मागणी निर्माण झाली तर कड्यांवर काही उरणार नाही.

२३. माझ्याकडे वीस रोपं झाली आहेत. ती शिवनेरीवर नेऊन लावू का?

भावना समजते, तरी नका लावू. तुमची वीस रोपं बहुधा एकाच झाडाच्या काड्या आहेत. त्यांच्यासोबत कुंडीतली बुरशी आणि पिठ्या ढेकूण कड्यावर जाऊ शकतो, आणि रोप नकळत संकरित असेल (प्रश्न ४) तर त्याचा पराग तिथल्या मूळ झाडांत मिसळेल. पुनर्लागवडीत कोणत्या कड्याची रोपं कोणत्या कड्यावर जातात याची नोंद ठेवावी लागते, ते काम वनखातं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ परवानगीने करतात. जास्तीची रोपं ओळखीच्यांना, शाळा-महाविद्यालयांच्या बागांना द्या. प्रत्येक कुंडीवर मूळ कुठून आलं, कोणत्या वर्षी काडी लावली हे लिहा. दहा वर्षांनी त्या चिठ्ठीचं मोल झाडाइतकंच असतं.

२४. आम्ही परदेशात राहतो. भारतातून येताना काडी आणू का?

बॅगेतून नको. वनस्पती नेण्यासाठी निर्यातीचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि तिकडच्या देशाची परवानगी लागते, नसेल तर विमानतळावर ती जप्त होऊन नष्ट केली जाते. हे झाड युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांकडे बऱ्याच काळापासून लागवडीत आहे, तिथलंच रोप घ्या.

इंग्लंडसारख्या हवेत दक्षिणेच्या खिडकीत, बारा अंशांच्या वर. वाढ मे ते सप्टेंबर, तेव्हाच पाणी. नोव्हेंबर ते मार्च महिन्यातून एकदा दोन-तीन चमचे, तेही हीटरमुळे खोड फार सुरकुतलं तरच. आखातात उन्हाळ्यात एसीच्या थेट झोताबाहेर, उजेडाच्या खिडकीशी. एसीच्या कोरड्या हवेत पानं पावसाळ्याइतकी टिकत नाहीत, पण खोड टणक आहे तोवर घाबरू नका.

२५. ट्रेकला गेल्यावर शिवसुमन फुललेलं दिसलं तर काय करावं?

फोटो काढा, फुलाचा जवळून एक आणि कड्यासकट लांबून एक. लांबचा स्वतःकडे ठेवा. नेमकी जागा दिसेल असा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, फोनमधली ठिकाणाची नोंद बंद करा. तारीख, फुलांची आणि शेंगांची संख्या वहीत लिहून ठेवा आणि माहिती जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा वनखात्याला कळवा. कड्यावर उतरून जवळ जाऊ नका. फुलांच्या मोसमात कातळ शेवाळलेला असतो, आणि पाय सरकताना हाताशी येतं ते झाडच.